कापसाचा बर्फ आणि उसाचा फड

आगमनकाळाच्या अखेरच्या आठवड्यात महाराष्ट्रातील अनेक धर्मग्रामांत गोठा उभारण्याची लगबग सुरू होते. छपरावर, अंगणावर, मेंढरांच्या पाठीवर पिंजलेला कापूस पसरला जातो आणि त्या कापसाला सर्वांनी बर्फ म्हणावयाचे असते. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पिकलेला आणि बायकांनी वाकून वाकून बोंडाबोंडातून वेचलेला कापूस चर्चमध्ये पोहोचताच उत्तर युरोपातील हिम होऊन पडतो. ज्यांनी तो वेचला त्यांना मात्र त्या देखाव्यात जागा नसते. या प्रथेविरुद्ध आम्हांला काही बोलावयाचे आहे. ते काहींना रुचणार नाही याची जाणीव ठेवूनच बोलावयाचे आहे.

हा बर्फ आला कोठून? शुभवर्तमानात तो नाही. तो आला शुभेच्छापत्रांवरून, आणि शुभेच्छापत्रांवर आला तो उत्तर युरोपातील चित्रपरंपरेतून. त्या परंपरेच्या मुळाशी जाऊन पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. ज्या चित्रकारांनी हिमाच्छादित बेथलेहेम रंगविले, त्यांनी ते सजावटीसाठी रंगविलेले नव्हते. त्यांच्या दाराबाहेर खरोखरच बर्फ पडलेला होता. आपल्या समाजाने त्यांचा बर्फ तेवढा उचलला आणि त्यांची दृष्टी तेथेच टाकून दिली. आमची तक्रार आहे ती एवढीच.

पीटर ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६६ साली ‘बेथलेहेममधील शिरगणती’ हे चित्र काढले. ते आज ब्रुसेल्सच्या राजकीय कलासंग्रहालयात आहे. चित्रात प्रथमदर्शनी बेथलेहेम कोठेच दिसत नाही. दिसते ते ब्राबांत प्रांतातील एक साधे खेडे, हिवाळ्यातील, सूर्य मावळतानाचे. डाव्या बाजूस एका खानावळीसमोर माणसांची गर्दी लोटली आहे, कारण आत सरकारी माणसे नोंदी करीत आहेत आणि पैसे घेत आहेत. भिंतीवर हाब्सबुर्ग राजघराण्याचे दुतोंडी गरुडाचे चिन्ह आहे. शेजारी डुक्कर कापले जात आहे, मुले गोठलेल्या पाण्यावर घसरत खेळत आहेत, बर्फात गाड्या उभ्या आहेत, बायाबापड्या ओझी वाहत आहेत. या गलबल्यात खांद्यावर करवत घेतलेला एक सुतार चालला आहे आणि त्याच्या मागून गाढवावर बसून, निळ्या वस्त्रात लपेटलेली एक गरोदर स्त्री येत आहे. तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रेक्षकालाही ती शोधावी लागते.

तिच्या मस्तकाभोवती प्रभामंडल नाही, तिच्यासाठी वाट मोकळी झालेली नाही. ब्रॉयगेलच्या काळी त्या प्रदेशावर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचे राज्य होते, आणि कर देण्यासाठी रांगेत उभे राहणे म्हणजे काय हे त्याच्या गावकऱ्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. औगुस्त कैसराचा हुकूम त्याने आपल्या गावच्या खानावळीच्या दाराशी आणून उभा केला आणि मरियेला आपल्या शेजारणींमध्ये सोडून दिले. तारणाचा इतिहास आपल्या अंगणातून जातो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, हे त्याने रंगांतून सांगितले. आमच्या मते ते अनेक प्रवचनांहून अधिक स्पष्ट आहे.

ही दृष्टी एकट्या ब्रॉयगेलची नव्हती. त्याच्या आधी पीटर आर्टसेन याने १५५१ साली खाटकाच्या दुकानाचे एक चित्र काढले. पुढे मांसाचे तुकडे, बैलाचे सोललेले मुंडके, आतडी, मासे. आणि या साऱ्याच्या पलीकडे, एका झरोक्यातून दिसावे इतके लहान, मिसर देशास पळून जाणारे पवित्र कुटुंब. मरिया एका गरिबाला भाकरी देत आहे. पुढच्या मांसावरच ज्याची नजर खिळते त्याला मागची दया दिसत नाही. त्याच १५६६ साली नेदरलँड्समधील चर्चमधून मूर्ती आणि चित्रे फोडण्याची लाट उसळली. पुढे उत्तरेकडील डच प्रजासत्ताकात कॅल्व्हिनपंथीय चर्चच्या भिंती उघड्या झाल्या आणि वेदीसाठी चित्रे काढण्याचे काम चित्रकारांना मिळेनासे झाले. ते घराकडे वळले. अंगण झाडणारी बाई, मुलाच्या केसांतील उवा काढणारी आई, लोणी घुसळणारी, सूत काढणारी, दारू पिऊन लवंडलेला गावकरी असे विषय कुंचल्याखाली आले. कलासमीक्षेत या प्रकाराला दैनंदिन जीवनाची चित्रे म्हणतात. डेल्फ्टचा योहानेस व्हर्मीर याने १६६० च्या सुमारास भांड्यात दूध ओतणारी एक मोलकरीण रंगविली. १६५३ साली कॅथलिक घराण्यातील मुलीशी विवाह करताना तो स्वतः कॅथलिक झाला असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती मोलकरीण दूध ओतते, दुसरे काहीच करीत नाही. पण खिडकीतून येणारा उजेड तिच्या दंडावर आणि पावाच्या टोपलीवर असा उतरला आहे की, पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आता बीड जिल्ह्याकडे येऊ, कारण हा लेख चित्रकलेच्या इतिहासाचा नाही.

ज्या दिवसांत चर्चच्या गोठ्यावर कापूस पसरला जातो, त्याच दिवसांत बालाघाटच्या डोंगररांगांतील शेकडो गावे निम्मी रिकामी असतात. पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे निघतात. ती सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकातील बेळगाव भागापर्यंत ऊसतोडीला जातात. घरी म्हातारी माणसे राहतात. लेकरे काही घरी, काही बरोबर. या माणसांची संख्या काही लाखांत आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकटे माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. माणसाची गणना हत्याराने करणारी ही शिरगणती आजही चालू आहे. मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतलेली असते आणि ती मुलीच्या लग्नात, आजारपणात, मागच्या वर्षीच्या फिटलेल्या-न फिटलेल्या बाकीत केव्हाच विरून गेलेली असते. कैसराचा हुकूम मोडता येत नव्हता. उचलीचाही मोडता येत नाही. स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात असली तरी बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या गाठोड्यांवर बसून निघते. मुक्कामाला जागा मिळते ती कारखान्याच्या आसपासच्या उघड्या रानात. तेथे बांबूच्या कमानीवर पाचट, ताडपत्री, प्लास्टिक टाकून ‘कोपी’ उभी राहते. तिच्यात वाकूनच शिरावे लागते. पहाटे काळोखात फडात जायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. उसाच्या पाचटावर प्रसूत झालेल्या स्त्रिया या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांना त्यात नवल सांगण्यासारखे काही वाटत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाशी याचे साम्य दाखविण्यासाठी आम्हांला कसलीही ओढाताण करावी लागत नाही. हुकूम आहे, प्रवास आहे, दिवस भरत आलेली स्त्री आहे, उतरावयास जागा नाही, रात्री रानात जागणारी माणसे आहेत, बैलही आहेत. आणि तरीही बीडच्या मातीवर उभ्या राहिलेल्या गोठ्यात यातले काहीच नसते. असतो तो कापसाचा बर्फ.

काही जण म्हणतील, आहे हे दुःखद, पण नाताळच्या दिवशी तरी आनंदाचे बोलावे. आम्ही त्यांच्यापुढे दोन आकडे ठेवतो. २०१९ साली राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढून टाकण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. कारणे अनेक सांगितली गेली : फडावर पाण्याची आणि शौचाची सोय नसल्याने होणारे आजार, त्यांकडे झालेले दुर्लक्ष, कर्करोगाची भीती घालून केलेली घाई, आणि पाळीच्या दिवसांत काम चुकले तर द्यावा लागणारा ‘खाडा’. ज्या समाजात एका गरोदर स्त्रीच्या उदराचे स्तवन रोज माळेच्या प्रत्येक मण्यावर होते, त्या समाजाला ही संख्या ऐकून काही वाटावे, एवढी अपेक्षा अवाजवी आहे काय?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, चर्च हे उपासनेचे स्थान आहे. तेथे उदात्त आणि सुंदर असावे, पाचट आणि घाम नसावा. या आक्षेपाचे उत्तर इटलीतील ग्रेच्चो येथे १२२३ साली दिले गेले आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळचा पहिला देखावा तेथे मांडला, तेव्हा त्याने गवत, बैल आणि गाढव आणले आणि आसपासच्या गावकऱ्यांना बोलावले. बेथलेहेममध्ये बाळाला काय सोसावे लागले, कोणत्या गोष्टींची उणीव होती, हे डोळ्यांनी पाहावे हा त्याचा हेतू होता. देखाव्याचा जन्मच मुळी उणीव दाखविण्यासाठी झाला. २०१९ च्या डिसेंबरात परमगुरू फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गव्हाणीविषयी पत्र प्रसिद्ध केले, आणि लोहार, पाव भाजणारे, पाण्याचे घडे वाहणाऱ्या स्त्रिया, खेळणारी मुले अशा नित्याच्या माणसांना त्या देखाव्यात आणण्याच्या प्रथेचे स्वागत केले. ज्या वर्षी ते चार हजार सहाशे पाच विधान परिषदेत मोजले गेले, त्याच वर्षाची ही गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे, आणि तो आम्ही आदराने घेतो. तो असा की, हे फ्लेमिश आणि डच चित्रकार काही दीनांचे कैवारी नव्हते. त्यांच्या चित्रांतील शेतकरी पुष्कळदा खादाड, दारूबाज आणि बावळट दिसतो. शहरी गिऱ्हाइकाने त्याला हसावे हाच पुष्कळदा उद्देश होता. हे खरे आहे. ब्रॉयगेलने १५६५ साली रंगविलेले कापणी करणाऱ्यांचे चित्र, ज्यात झाडाखाली थकून आडवा पडलेला मजूर आहे, ते अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरी टांगण्यासाठी काढले होते. मजुराची झोप व्यापाऱ्याच्या भिंतीची शोभा झाली.

आम्ही आणखी पुढे जातो. अँटवर्प हे सोळाव्या शतकात आणि ॲम्स्टरडॅम हे सतराव्या शतकात साखर शुद्ध करण्याचे मोठे केंद्र होते. डच चित्रांत मेजवानीची टेबले आहेत, मिठाया आहेत, चांदीच्या भांड्यांतील गोडधोड आहे. त्या साखरेचा ऊस तोडणारी माणसे मात्र त्या टेबलाशेजारी दिसत नाहीत, कारण ती समुद्रापलीकडे होती : आफ्रिकेतून धरून आणलेली, गुलाम केलेली. १६३० ते १६५४ या काळात ईशान्य ब्राझीलचा उसाचा प्रदेश डचांच्या ताब्यात होता. तेथे १६३७ साली गेलेल्या फ्रान्स पोस्ट या चित्रकाराने उसाचे घाणे आणि त्यांवर राबणारे गुलाम रंगविले खरे, पण हिरव्यागार देखाव्यातील ठिपक्यांएवढे लहान, जणू काही झाडेझुडुपेच. दूध ओतणाऱ्या बाईला उजेड मिळाला. ऊस तोडणाऱ्याला मिळाला नाही. नित्याचे जीवन पाहणारी ती थोर दृष्टीही चौकटीच्या कडेशी येऊन थांबली.

म्हणूनच आम्ही म्हणतो की, त्या चित्रकारांची नक्कल नको. त्यांनी जेथे पाहणे सोडले तेथून आपल्याला पाहावयास सुरुवात करावयाची आहे. चौकटीबाहेर राहिलेला ऊसतोड्या आपल्याला शोधत समुद्रापार जावे लागत नाही. नाताळच्या फराळाच्या ताटात जी साखर असते, तिच्यातील कितीतरी बीडच्या कोयत्याखालून आलेली असते. करंजी आपण आवडीने खातो. ती गोड कोणी केली हे विचारण्याने नाताळचा आनंद उणा होत असेल, तर तो आनंद मुळातच फार हलका होता.

तिसरा आक्षेप बहुधा दबक्या आवाजात घेतला जातो : ही माणसे आपली नाहीत, आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवहीत त्यांतील फारच थोडी सापडतील. त्यावर आमचे उत्तर एका वाक्यात आहे. बेथलेहेमच्या रानातील मेंढपाळ कोणत्याही मंडळीच्या नोंदवहीत नव्हते, आणि वार्ता प्रथम त्यांनाच मिळाली.

चौथा आक्षेप आपल्या संस्कृतीच्या अभिमान्यांचा असतो. ते म्हणतील, बर्फ परका म्हणून टाकायचा आणि ब्रॉयगेल तेवढा पूज्य मानायचा, हा कोणता न्याय? न्याय असा आहे की, ब्रॉयगेलने सांगितलेली गोष्ट बीडला परकी नाही. याच जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा विषय आकृत्यांसह लिहून काढला तो कशावर? सुमारे चाळीस फूट लांबीच्या एका पासोडीवर. पासोडी म्हणजे गोरगरिबांनी थंडीत पांघरावयाचे जाडेभरडे वस्त्र. राजाश्रयाचा रेशमी पट त्यांनी मागितला नाही. पंचमहाभूतांचा विचार त्यांनी कुणब्याच्या पांघरुणावर मांडला आणि ते पांघरूण चार शतके टिकले. ते वस्त्र कापसाचेच आहे, याची गोठ्यावर कापूस पसरणाऱ्यांनी नोंद घ्यावी. दासोपंतांच्या जन्माच्या दोनएक वर्षे आधी इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, आणि त्यांनी आपले ख्रिस्तपुराण लॅटिनमध्ये न लिहिता मराठी ओवीत लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. परक्या देशातून आलेला धर्मगुरू जर ख्रिस्ताला मराठी बोलावयास लावू शकला, तर मराठी बोलणाऱ्यांनी ख्रिस्ताला हिमात नेऊन ठेवण्याचे कारण काय?

चित्रकलेतही आपल्यापुढे उदाहरण आहे. गोव्यात जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. त्यांची मरिया साडी नेसते, कपाळाला कुंकू लावते, जमिनीवर बसते. त्यांना त्यांच्याच धर्मबांधवांकडून किती विरोध सोसावा लागला हे सर्वश्रुत आहे. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट सांगितले. तरीही घराघरांतील भिंतींवर गोरी, निळ्या डोळ्यांची मरियाच राहिली. फोन्सेकांची चित्रे संग्रहालयात गेली आणि परदेशी छापील चित्रे देवघरात राहिली.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मराठवाड्यातील, आणि जमल्यास अन्य धर्मग्रामांतीलही, गोठा येत्या नाताळात कोपीचा असावा. बांबूची कमान, वर पाचट आणि फाटकी ताडपत्री, दाराशी कोयता, तीन दगडांची चूल, बाजूस उसाची एक मोळी. मरियेच्या अंगावर फडातल्या बाया साडीवर घालतात तो पुरुषी सदरा असावा, कारण उसाच्या पात्यांनी हात चिरतात. योसेफाच्या खांद्यावर करवतीऐवजी मोळी बांधण्याची दोरी असली तरी तो योसेफच राहील. कापूस घालायचाच असेल तर तो बोंडासकट असावा, म्हणजे तो कापूस आहे हे मुलांना कळेल.

पण येथेच एक इशारा दिल्यावाचून आम्हांला राहवत नाही. आपल्या भाषेत ‘देखावा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मांडणी हा एक, आणि ढोंग हा दुसरा. कोपीचा गोठा उभारून, त्याला बक्षीस देऊन, सहा जानेवारीनंतर तो गुंडाळून ठेवला, तर पाचटही कापसाच्या बर्फाइतकेच खोटे ठरेल. गरिबाला चित्रात घेणे आणि गरिबाला शोभेसाठी वापरणे यांत जो फरक आहे तो रंगांत नसतो. चित्र काढणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने नंतर काय केले यात तो असतो. म्हणून गोठ्याबरोबर काही साधी कामेही जोडून घ्यावीत. ज्या धर्मग्रामांच्या हद्दीत साखर कारखाने आहेत, त्यांनी हंगामात एकदा तरी कोप्यांवर जाऊन पिण्याचे पाणी, शौचालय, मुलांची शाळा आणि बाळंतिणींची विचारपूस करावी, आणि जे दिसेल ते अधिकाऱ्यांच्या कानी घालावे. आपल्या धर्मभगिनींच्या दवाखान्यांनी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या स्त्रीला दुसरे मत विनामूल्य द्यावे. आपल्या शाळांतील चित्रकलेच्या शिक्षकांनी नाताळच्या स्पर्धेत बर्फ आणि घसरगाडी हा विषय न देता ‘आमच्या गावातील एक काम’ हा विषय द्यावा. आणि या त्रैमासिकासारख्या नियतकालिकांच्या नाताळ अंकाच्या मुखपृष्ठावर एका वर्षी तरी पाचटावर निजलेले बाळ असावे.

ब्रॉयगेलच्या चित्रात मरिया खानावळीच्या दारापर्यंत अजून पोहोचलेली नाही. गर्दी पाठमोरी आहे, आणि त्या गर्दीतील कोणीही वळून पाहिले तरी ती दिसेल इतकी जवळ आहे. साडेचारशेहून अधिक वर्षे ती तशीच दोन पावलांवर आहे. बीडहून निघालेली गाडीही दरवर्षी आपल्या रस्त्यावरून, आपल्या चर्चच्या फाटकावरून जाते. डिसेंबरात रात्री तिच्या बैलांच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज आत ऐकू येतो. गोठ्याची सजावट करणाऱ्यांनी हातातला कापूस क्षणभर खाली ठेवून फाटकापर्यंत जावे, गाडी थांबवावी आणि आत कोण बसले आहे ते पाहावे.